साध्या मण्यांची बाटली

ता. ९ फेब्रुवारी

चि. खारूस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या काकूचा गुडघा थंडीत कुरकुरत होता. आता जिना चढते आणि चढताना मला बोलते, म्हणजे बरी आहे. माझीही तब्येत बरी. रक्तदाबाची गोळी चालू आहे. दादा कसा आहे? मी विचारलं असं त्याला सांगू नकोस, नुसतं बघ आणि मला कळव.

माझा हा मोठा भाऊ माझं अक्षर लांबून ओळखतो, म्हणून पाकिटावरचा पत्ता काकूकडून लिहून घेतलाय. शिवाय पाकीट चिकटवल्यावर जोडावर पेन्सिलीची एक बारीक रेघ मारली आहे. ती जुळत असेल तर मधे कुणी उघडलं नाही असं समज. हसू नकोस. बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर माणूस असा होतो, आणि मी तर आधीपासूनच असा आहे. काकू म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा मी फोटोग्राफरकडे संशयाने बघतोय.

आठ वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे काहीतरी काम असणार, असा संशय तुला येईल. यायलाच हवा, माझी पुतणी आहेस. काम आहे.

आमच्याकडे गेल्या वर्षी एक नवी विद्यार्थिनी आली. पत्रात नावं घालू नयेत, म्हणून तिला चष्मेवाली म्हणतो. बोलायला गोड, कामाला वाघ. सरांनी तिला तुझंच जुनं काम दिलंय, पंखाच्या कोंबाचं. मधली सात वर्षं सगळे उंदरांच्या मागे लागले होते. अंड्यांच्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. आता खुर्च्या गेल्या, उबवायची पेटी पुन्हा सुरू झाली. पुन्हा मी अंडी आडवी मांडतो, वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारतो, तिसऱ्या दिवशी कात्रीने कवचात खिडकी पाडतो आणि काम झालं की चिकटपट्टी लावून बंद करतो. हात काही विसरलेले नाहीत.

तू हल्ली डेअरीत दूध तपासतेस, तेव्हा तू मात्र विसरली असशील. थोडक्यात आठवण करून देतो. तिसऱ्या दिवशी पिल्लाला पंख नसतो, मोहरीएवढा कोंब असतो. त्या कोंबाच्या मागच्या कडेला एक जनुक जागं होतं, त्याला आपण करंगळीचं जनुक म्हणायचो. ते जागं झालं की त्या कडेपासून निरोप सुटतो. ज्या पेशी जवळ आहेत त्यांना तो ठळक पोचतो, त्यांची शेवटची बोटं होतात. लांबच्यांना पुसट पोचतो, त्यांचं पहिलं बोट. कोंबडीच्या पंखात तीनच बोटं, पण पद्धत उंदराची तीच, तुझ्यामाझ्या हाताची तीच. आणि अ जीवनसत्त्वापासून होणारं ते पिवळं आम्ल खसखशीएवढ्या मण्यात मुरवून तो मणी पुढच्या कडेला खोचला, की तिथेही तेच जनुक जागं होतं. मग दोन्ही बाजूंनी निरोप येतात आणि पंखाला आरशात बघितल्यासारखी जोडबोटं येतात. साध्या मण्याने काही होत नाही. व्हायला नको.

तर चष्मेवालीच्या साध्या मण्यांनी होतंय. वीसपैकी चार पिल्लांना जोडबोटं. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. डावा पंख, ज्याला आपण हात लावत नाही, तो अगदी शहाण्यासारखा तीन बोटांचा. उजव्याला सहा.

कुठेतरी पाणी मुरतंय. मला वाटतं कुणीतरी मुद्दाम करतंय. तू या कामातली, तुझं मत हवं. बाकी जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत असं ठरवूनच लिहायला बसलो होतो, आणि उकरल्या नाहीत, हे लक्षात घे.

तुझा,
काका


ता. ३ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नाही, पोचलं पण दादाने फाडलं, किंवा तू वाचून ठेवून दिलंस, यापैकी एक. काकू म्हणते चौथंही असू शकतं, तुला वेळ नसेल. काकू भोळी आहे.

आमच्याकडे प्रकरण वाढलंय. पुढच्या खेपेला साध्या मण्यांच्या अठरापैकी सहा. सर चष्मेवालीशी आता फार हळू आवाजात बोलतात. ते हळू बोलायला लागले की समोरच्याचं काही खरं नसतं, तुला ठाऊक आहे. परवा त्यांनी तिला दार लावून विचारलं, "तू मणी स्वतः भिजवतेस, की दुसरं कुणी?" ती बाहेर आली ती चष्मा पुसतच.

मी पाळत सुरू केली आहे. पहिला संशय पलीकडच्या टेबलावरच्या डॉक्टरांवर. त्यांना अंड्यांची खोली उंदरांसाठी हवी आहे, आणि ते मला अलीकडे फार नमस्कार करतात. दुसरा संशय अंडेवाल्यावर. त्याला गाठून विचारलं, "कोंबड्यांना काय खायला घालतोस?" तो म्हणाला, "दाणे. तुम्ही काय घालता?" उद्धट माणूस. तिसरा संशय सफाईच्या मावशींवर, पण त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं की तुमच्या त्या टेबलाला मी वर्षभर फडकं लावलेलं नाही, तुम्हीच ओरडला होतात. हे खरं आहे.

चौथा संशय खुद्द चष्मेवालीवर. मुलगी हुशार आहे, आणि हुशार माणसाला घाई असते. चटकन काहीतरी मोठं दाखवावं असं वाटतं. तसं मी एकदा पाहिलंय.

आम्लाचं कपाट कुलपात आहे, किल्ली माझ्या पट्ट्याला. साध्या मण्यांच्या बाटलीवर, झाकण आणि गळा यांच्या मधोमध, पेन्सिलीची रेघ मारून ठेवतो. झाकण कुणी फिरवलं तर रेघ मोडलीच पाहिजे. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ बघतोय. चष्मेवाली माझ्यासमोर मणी काढते, ती वेळ सोडली तर रेघ मोडलेली दिसली फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा बाटली मीच उघडली होती, मणी भरून ठेवायला. म्हणजे चोर माझ्यापेक्षा हुशार आहे.

आता उकरायचं नाही असं ठरवलं होतं, तरी लिहितो. हे सगळं बघताना मला तू आठवतेस. तुझे दिवसही असेच होते. तू कोंबाच्या मागच्या कडेतून अर्क काढलास, साधे मणी त्यात भिजवलेस आणि जोडबोटं आली. सरांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनी तुझ्या पद्धतीने करून पाहिलं तर काहीच होईना. तुझे मणी तपासायला गेले, तर त्यात आम्ल निघालं. चौकशी समिती बसली. तिने ठरवलं की अर्काचं नाव करून तू चोरून आम्ल वापरलंस.

मला त्यांनी बोलावलं कारण किल्ली माझ्याकडे. विचारलं, "किल्ली कधी तिच्या हातात गेली होती?" मी म्हणालो, "एकदा. एका मंगळवारी. तिने मागून घेतली होती." यात एक अक्षर खोटं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगितलं. पुतणी म्हणून पाठीशी घातलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं? दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. त्याने मला एकदा तरी विचारायला हवं होतं.

आणि तू. तू समितीपुढे स्वतःची बाजू मांडली नाहीस. मान खाली घालून बसलीस. निर्दोष माणूस असा बसतो का? मी तेव्हापासून स्वतःला हेच विचारत आलोय, आणि उत्तर दर वेळी तुझ्या विरुद्ध जातं. रागावू नकोस. मला असंच विचार करता येतो.

चष्मेवाली मात्र रोज भांडते. म्हणते, मी केलं नाही, माझ्यावर आळ घेऊ नका. तिची समिती वीस तारखेच्या आसपास बसेल अशी कुजबुज आहे.

तुझं मत हवं आहे म्हणून लिहितोय. दुसरं काही नाही.

तुझा,
काका


ता. २७ मार्च

चि. खारूस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. मायना नाही, खुशाली नाही. काकूने दोनदा पाकीट उलटं करून झटकलं, आणखी काही आत अडकलंय का बघायला.

तू लिहितेस: "काका, दोन्ही पत्रं मिळाली. बाबा बरे आहेत. आम्लात भिजवलेले जे मणी दिवसाअखेर उरतात, त्यांचं तुम्ही अजून तेच करता का?"

काय म्हणायचंय तुला? सरळ का लिहीत नाहीस?

तेच करतो म्हणजे काय! चाळीस मणी भिजवायचे, विद्यार्थ्याने पंधरा वापरायचे आणि बाकीचे नळाखाली सोडून द्यायचे, हे मला या जन्मात जमायचं नाही. त्या मण्यांची डबी मागवली की सहा-सहा महिने येत नव्हती, हे तुमच्या पिढीला काय माहीत. मी ते नीट धुतो. सात पाण्यांनी धुतो. पिवळेपणा गेल्याशिवाय सोडत नाही. मग खिडकीत उन्हाला टिपकागदावर वाळवतो, आणि पांढरेशुभ्र झाले की बाटलीत परत. साध्या मण्यांच्या. हे मी पहिल्या वर्षापासून करतोय. आधीच्या सरांनी एकदा पाठ थोपटली होती.

तर तुझा संशय माझ्यावर. छान. ज्या माणसाने तुला अंड्याला खिडकी पाडायला शिकवलं, सुई कशी धरायची ते बोट धरून शिकवलं, त्याच्यावर. तू आठ वर्षं हाच विचार करत दूध तपासत बसलीस का? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे कबूल करतो. काकूला पत्र दाखवलं. तिने ते वाचून घडी घातली आणि देवापुढे ठेवलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

तरी मी काय केलं ते ऐक. तुझी खोड मोडायची म्हणून केलं. नवीन सीलबंद डबी कपाटातून काढली. चोवीस अंडी. बाराला नव्या डबीतले मणी, बाराला बाटलीतले. सगळे मणी मीच खोचले, चष्मेवाली शेजारी बसून लिहीत होती. कोणत्या अंड्यात कोणता मणी ते तिला सांगितलं नाही, माझ्या टिपणवहीत फक्त आकडे. वही घरी काकूच्या साड्यांखाली ठेवली आहे. तिची समितीही तीन आठवडे पुढे ढकलायला लावली, सरांना म्हणालो, पेटी बिघडली आहे. हे मात्र खोटं बोललो.

सहा एप्रिलला अंडी उघडायची. दोन्हीकडे जोडबोटं आली तर चोर बाहेरचा आणि तू मला माफीचं पत्र लिहायचंस, मायन्यासकट.

काका


ता. १७ एप्रिल

चि. खारूस,

हे पत्र दादाला वाचून दाखव. तो नको म्हणाला तरी दाखव.

अंडी सहा तारखेला उघडली, आज सतरा. मधल्या दिवसांत चार वेळा लिहायला बसलो. जे झालं ते क्रमाने सांगतो, नाहीतर मी पुन्हा कुठेतरी आडवळणाला जाईन.

पिल्लं काढली, कूर्चेला हिरवा रंग चढवला आणि पारदर्शक व्हायला तेलात ठेवली. ते तेल तुला आठवत असेल, मुका मार लागल्यावर लावायच्या मलमासारखा वास येतो. खोलीभर तो वास होता. चष्मेवालीने एकेक पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचं आणि बोटं मोजून सांगायची, मी वहीत खूण करायची.

"तीन." नवी डबी. "तीन." नवी डबी. "तीन." बाटली. मी मनात म्हटलं, बघ, खारू. "सहा." मी वही बघितली. बाटली. "तीन." नवी. "सहा, आणि मधलं बोट जाड आहे." बाटली.

नव्या डबीतल्या बारापैकी अकरा जगली, अकराही सरळ. बाटलीतल्या बारापैकी दहा जगली, त्यांतली पाच जोडबोटांची. ज्यात सरळ निघाली तिथे माझ्या हाती नवा मणी लागला असेल, कधी नव्या मण्यांची भर पडायची ना बाटलीत.

मी तिला म्हटलं, "रंग तर गेला होता गं. मी सात पाण्यांनी धुतो."

तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. मग म्हणाली, "काका, ते आम्ल पाण्यात विरघळतच नाही. रंग उन्हाने उडतो, वरवरचा. आतलं आतच राहतं."

एवढंच. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला येत नाही असं झालं असतं.

तिने आणखी चार अंड्यांत माझे धुतलेले मणी खोचले आणि दुसऱ्याच दिवशी काढून ते जनुक कुठे जागं आहे ते रंगवून बघितलं. जिथे जनुक जागं तिथे जांभळा डाग पडतो. चारांतल्या तिघांच्या कोंबाला दोन डाग होते. एक मागच्या कडेला, जिथे हवा तिथे. एक पुढे, माझ्या मण्याशेजारी. मी डोळ्यांनी पाहिला. तुझ्या अर्काने काहीच केलं नव्हतं खारू, आणि तूही काही केलं नव्हतंस. मी बाटली भरून ठेवायचो आणि तू विश्वासाने त्यातले मणी घ्यायचीस.

ही चूक झाली. चुकीचं मला वाईट वाटतं, पण चूक कुणाचीही होते, तिच्यावर मी चार रात्री जागलो नसतो. दुसरं आहे ते लिहायला मला अकरा दिवस लागले.

त्या मंगळवारी तू किल्ली मागितलीस ती माझ्यासाठी.

मला गरगरत होतं. मी स्टुलावर बसलो होतो आणि घाम फुटला होता. तू म्हणालीस, "काका, गोळी कुठाय?" मी म्हणालो, कपाटात, वरच्या फळीवर, आम्लाच्या बाटलीमागे. तू म्हणालीस, "किल्ली द्या." मी पट्ट्याची किल्ली काढून दिली. तू कपाट उघडलंस, गोळी काढलीस, कुलूप लावलंस, पाणी आणलंस. दोन मिनिटं गेली असतील. माझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं. रसायनांच्या कपाटात खाण्यापिण्याची, औषधाची वस्तू ठेवायची नाही, असा नियम त्याच कपाटाच्या दारावर मीच चिकटवला होता. आणि मी तिथे गोळ्या ठेवायचो, कारण घरी ठेवल्या तर काकूला कळलं असतं की मी रक्तदाबाच्या एकीऐवजी दोन घेतो.

समितीने विचारलं, किल्ली तिच्या हाती गेली होती का. मी हो म्हणालो. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांच्यातला एक जण सुरक्षेच्या खात्याचा होता आणि त्याच्या समोर नियमांचं पुस्तक होतं. माझं धाबं दणाणलं होतं. मला वाटलं, तूच सांगशील. तुझ्यावर आलं होतं, तू सांगणारच. मग त्यांनी तुला विचारलं, "किल्ली का घेतली होतीस?" आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीकडे बघितलं. तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, "आठवत नाही."

घरी येताना मी स्वतःला सांगितलं, बघ, ही खोटं बोलते. हिला आठवत नाही कसं? म्हणजे गोळीच्या निमित्ताने कपाट उघडून हिने आम्लही काढलं असणार. दोन मिनिटांत! माझ्या डोळ्यांसमोर! पण मला तसंच वाटायला हवं होतं, नाहीतर मला माझ्याकडे बघावं लागलं असतं. आठ वर्षं मी तुझ्यावर संशय घेतला, कारण तो घेतल्याशिवाय मला झोप लागली नसती. तू मला वाचवायला गप्प बसलीस, आणि मी तुझ्या गप्प बसण्यालाच पुरावा धरलं.

आणि मण्यांचं. तू लिहिलंस, "अजून तेच करता का." तेव्हा मी चिडलो होतो, मला तो "अजून" दिसला नाही. आता दिसतो. तुझे मणी तपासून आले त्या आठवड्यात तू एकदा खिडकीपाशी उभी होतीस, टिपकागदावर माझे मणी वाळत होते, आणि तू बराच वेळ त्यांच्याकडे बघत होतीस. मी विचारलं, काय गं? म्हणालीस, काही नाही. तुला तेव्हाच कळलं होतं ना? हा माझा शेवटचा संशय, आणि याचं उत्तर मला नको आहे.

आता काय केलं ते. सगळं लिहून काढलं, मण्यांचं, किल्लीचं आणि गोळ्यांचं, दोन पानं. चष्मेवालीची समिती होती, तिच्यापुढे ठेवलं. तिच्यावरचा आळ तिथल्या तिथे निघाला. ती बाहेर येऊन रडली, आणि मग मला म्हणाली की पुन्हा मणी धुवाल तर बोटं मोडीन. पोरगी चांगली आहे.

तुझ्याबद्दल मात्र सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "काका, तुम्ही चार महिन्यांनी निवृत्त होताय. तिची नवी नोकरी आहे, संसार मार्गी लागलाय. झालं गेलं. पुन्हा चौकशी उघडली तर तुमच्यावरच येईल." फार हळू आवाजात म्हणाले. तेव्हाच्या निकालावर त्यांचीही सही आहे. मी म्हणालो, माझ्यावर येऊ दे, तिथेच यायला हवं होतं. अर्ज थेट संचालकांकडे दिला, पोच घेतली. काल उत्तर आलं. तुझी चौकशी पुन्हा उघडताहेत. तुला महिन्याभरात बोलावणं येईल.

तेव्हा ये. येऊन काय करायचं ते तू ठरव. पुन्हा अंड्यांकडे यायचं की दूध तपासायचं, हे सांगायचा मला हक्क नाही. पण ये, आणि त्यांनी किल्लीचं विचारलं की खरं सांग. मी समोरच्या खुर्चीत बसलेला असेन. म्हातारा दिसेन, तुला दया येईल. तू तशीच आहेस. माझ्याकडे बघू नकोस. या खेपेला मला वाचवू नकोस, खारू.

खाली आशीर्वाद लिहितात. मी वयाने मोठा, तेव्हा मीही तेच लिहायला हवं. पण तीनदा लिहून खोडलं, ते मला शोभत नाही.

तुला माझा वाकून नमस्कार.

काका